ब्रेकच्या सिलिंडरची वंशावळ

मॉरिस मायनरच्या पुढच्या चाकाचा ड्रम उतरवला की आत दोन अर्धगोल ब्रेक शू दिसतात आणि एकेका शूला ढकलणारा एकेक व्हील सिलिंडर. मुठीत मावेल एवढी वस्तू. जुन्या टूथब्रशला स्पिरिट लावून घासलं की काळ्या थराखालून धातूतच ओतलेली अक्षरं वर येतात : लॉकहीड. जुन्या गाडीच्या ब्रेकचे भाग शोधायला निघालेल्या माणसानं पहिल्यांदा वाचायचं ते हे नाव. बॉनेटवरचं नाव नंतर.

लेस्टरमधल्या माझ्या एका मराठी स्नेह्यांकडे अशी एक मायनर आहे. नोंदणीच्या कागदावर वर्ष १९५८. त्यांच्या आजोबांकडे पुण्यात ‘बेबी हिंदुस्थान’ होती. म्हणजे हीच मायनर, हिंदुस्थान मोटर्सनं १९५०च्या दशकात आपल्या नावानं विकलेली. त्या ओढीनं त्यांनी इथे येऊन ही घेतली. ब्रेकचं पेडल खोल जायला लागलं, एका चाकाच्या आतून द्रव पाझरायला लागला, तेव्हा कॅटलॉग उघडून १९५८च्या गाडीचे सिलिंडर मागवायचे एवढंच काम आहे असं कुणालाही वाटेल. पण १९५८च्या मायनरला चारही चाकांना सात इंची ड्रम असायला हवेत, आणि या गाडीच्या पुढच्या ड्रमवर पट्टी धरली तर माप आलं आठ इंच. आठ इंची ड्रम मायनरला आले १९६२ साली, १०९८ सीसीच्या इंजिनाबरोबर. मधल्या कुणा मालकानं पुढचे ब्रेक अख्खेच्या अख्खे नव्या गाडीचे आणून बसवले होते. काम चोख केलं होतं, फक्त कागदावर त्याची नोंद नव्हती. गाडी एका सालची, पुढचे ब्रेक दुसऱ्या सालचे, मागचे कुठल्या सालचे ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही, अशी स्थिती साठ-पासष्ट वर्षांच्या बहुतेक गाड्यांची असते. म्हणून या भागांचा मागोवा घेताना गाडीचं कूळ वेगळं आणि ब्रेकचं कूळ वेगळं धरावं लागतं.

ब्रेकच्या कुळाची बरीचशी गावं लेस्टरहून दोन तासांच्या आत आहेत. पश्चिमेला बर्मिंगहॅम, नैर्ऋत्येला कॉव्हेंट्री, त्याखाली लेमिंग्टन स्पा, वर उत्तरेला डर्बीशायरच्या डोंगरातलं चॅपल-एन-ल-फ्रिथ. लेस्टरचा नारबरो रोड धरला की आपण फॉस वे या रोमन रस्त्यावर असतो, आणि तोच रस्ता पुढे लेमिंग्टनच्या जवळून जातो. त्या वाटेनं मागे जाऊ.

घर्षणाची बाजू आधीची. हर्बर्ट फ्रूड या गृहस्थानं १८९७ साली चॅपल-एन-ल-फ्रिथला घोडागाड्यांचे ब्रेक ठोकळे करायला सुरुवात केली. त्या भागातले गाडीवान उतारावर चाक धरून राहावं म्हणून लाकडी ठोकळ्यावर जुन्या बुटाचं चामडं ठोकत, ते पाहून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. त्याच्या आडनावाची अक्षरं फिरवून आणि त्यात बायकोच्या एलिझाबेथ या नावाचं अक्षर घालून ‘फेरोडो’ हे नाव झालं. मोटारी आल्या, वेग वाढला, कापूस आणि चामडं जळायला लागलं, आणि १९०८च्या सुमारास फ्रूडनं अ‍ॅस्बेस्टॉस वापरलं. न जळणारं, स्वस्त, विणता येणारं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगातल्या बहुतेक गाड्या या धाग्यावर थांबल्या.

त्याची किंमत कामगारांनी दिली, आणि या वंशावळीतून ते पान फाडता येत नाही. रॉचडेलच्या टर्नर ब्रदर्स या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली कर्शॉ १९२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेली. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेल्या फुप्फुसाच्या रोगाचा वैद्यकीय साहित्यात नोंदला गेलेला हा पहिला ठळक मृत्यू. तोच टर्नर कारखाना टर्नर अँड न्यूऑल या समूहातला, आणि १९२६ साली फेरोडोही त्यात सामील झाली. मुंबईत घाटकोपरला उभी राहिलेली हिंदुस्थान फेरोडो याच घराण्याची. ब्रिटनमध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी आली ती थेट १९९९ साली. तेव्हा जुन्या गाडीचा ड्रम काढल्यावर आतली धूळ हवेच्या झोतानं उडवायची नाही, तोंडानं फुंकायची तर मुळीच नाही. ओल्या फडक्यानं टिपायची आणि पिशवीत बांधायची. आपल्याकडच्या गॅरेजांत आजही ड्रम आपटून, फुंकून साफ करणारी पोरं दिसतात. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

पायानं पेडल दाबल्यावर ते बळ चाकापर्यंत न्यायचं कसं, हा प्रश्न निराळा. सुरुवातीला सळ्या आणि तारा होत्या. चार चाकांच्या चार तारा सारख्या ताणलेल्या ठेवणं हे रोजचंच काम. एक जरी ढिली पडली तर गाडी ब्रेक दाबताच एका बाजूला ओढायची. माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसानं १९१७ साली द्रवावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. विमानांच्या लॉकहीड कंपनीशी ज्या भावंडांचं नाव जोडलेलं आहे त्यांतलाच हा एक. बंद नळीतला द्रव दाब चारी बाजूंना सारखाच देतो, त्यामुळे चारही चाकांना आपोआप न्याय. १९२१ साली डूझनबर्ग गाडीला चारही चाकांना असे ब्रेक बसले आणि त्याच वर्षी ल मॉंला झालेली फ्रेंच ग्रांप्री डूझनबर्गनं जिंकली.

पण लॉकहीडच्या मूळ सिलिंडरात गळती अडवायला चामड्याच्या वाट्या होत्या. चामडं सुकतं, आकसतं, पाझरतं. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी त्याजागी रबराच्या वाट्या बसवल्या आणि १९२४च्या क्रायस्लर गाडीत हे ब्रेक रस्त्यावरच्या माणसाच्या हाती आले. ती रबरी वाटी आजही तशीच आहे. तिची कड पातळ असते आणि दाबाच्या दिशेला तोंड करून बसते. पेडल जितकं जोरात दाबाल तितकी ती कड भिंतीला घट्ट चिकटते. गळती अडवण्याचं काम दाबाकडूनच करून घेतलं आहे. उलटी बसली तर सगळा द्रव बाहेर. माझ्या मते ब्रेकच्या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर शोध हाच, आणि तो पाच-दहा रुपयांत मिळायचा.

या वाटीबरोबर एक अट आली. रबराला खनिज तेल सोसत नाही, ते फुगतं आणि मऊ पडतं. म्हणून ब्रेकच्या द्रवात सुरुवातीला एरंडेल आणि अल्कोहोल असं मिश्रण असे. आपल्या आज्या पोटासाठी बाटलीत ठेवायच्या तेच एरंडेल. पुढे ग्लायकॉलचे द्रव आले, पण अट तशीच राहिली. ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन ऑइलचा थेंब गेला तर पेडलनं ढकलल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून शेवटच्या वाटीपर्यंत सगळं रबर बदलावं लागतं. सित्रोएननं मात्र १९६६ साली डीएस गाडीसाठी उलटी वाट धरली. खनिज तेलाचा हिरवा द्रव आणला आणि त्याला साजेसे भाग हिरव्या रंगानं रंगवले, म्हणजे आधीच्या लाल द्रवाच्या भागांशी गल्लत नको. ओळखीची याहून सोपी खूण कुणी ठेवली नसेल.

इंग्लंडात लॉकहीडचं तंत्र आणलं ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्स या कंपनीनं. १९२० साली लंडनमध्ये सुरू झालेली ही कंपनी १९३०च्या दशकाच्या आरंभी लेमिंग्टन स्पाला गेली आणि ‘एपी’ या दोन अक्षरांनी ओळखली जाऊ लागली. मॉरिसनं हे ब्रेक लवकर उचलले. १९३५च्या छोट्या मॉरिस एटलाही द्रवाचे ब्रेक होते, तेव्हा तिची स्पर्धक ऑस्टिन सेव्हन तारांवरच थांबत होती.

दुसरं घराणं गर्लिंगचं. अल्बर्ट गर्लिंगनं १९२५ साली पाचरीनं शू फाकवणाऱ्या सळीच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. बर्मिंगहॅमची न्यू हडसन ही सायकली आणि मोटरसायकली करणारी कंपनी ते बनवू लागली आणि १९४३ साली लूकसनं तो धंदा घेतला. गर्लिंगही मग द्रवावर आले, पण त्यांच्या घरची रीत वेगळी. लॉकहीडच्या मास्टर सिलिंडरात द्रव परत येण्यासाठी सुईच्या टोकाएवढं भोक असतं, ते बुजलं की ब्रेक जाम धरून राहतात. गर्लिंगच्या बऱ्याच मास्टर सिलिंडरांत त्या भोकाऐवजी मधोमध झडप असते. बाहेरून दोन्ही नळकांडीच दिसतात, पण एकाचं किट दुसऱ्यात चालत नाही.

ब्रिटिश गाड्या या दोन घराण्यांत वाटल्या गेल्या होत्या. मायनर, मिनी, एमजीबी लॉकहीडकडे. लँड रोव्हर गर्लिंगकडे. काही गाड्यांनी मध्येच घर बदललं. ट्रायम्फ टीआर२ला लॉकहीडचे ड्रम होते आणि १९५६ साली टीआर३ला पुढे गर्लिंगचे डिस्क आले. शिवाय मालकांनी केलेल्या सोयरिकी आहेतच. मायनरच्याच सांगाड्यावर बेतलेल्या रायली १.५ या गाडीचे मोठे गर्लिंग ब्रेक काढून मायनरला लावण्याची जुनी प्रथा आहे. अशा मायनरचा मालक दुकानात ‘मायनरचं पुढचं किट द्या’ म्हणून गेला की चुकलाच.

आता लेस्टरचं स्वतःचं देणं. हे शहर होजिअरी आणि बुटांचं म्हणून ओळखलं जातं, पण पूर्वेकडच्या एव्हिंग्टन व्हॅली रोडवर रबराचा मोठा कारखाना होता. १९०६ साली लेस्टर रबर कंपनी म्हणून निघाला आणि ‘जॉन बुल’ या नावानं घराघरांत गेला. सायकलचे ब्रेकचे ठोकळे, हँडलच्या मुठी, पंक्चरच्या डब्या. याच कारखान्यातून मेटॅलॅस्टिक हे नाव निघालं, रबर आणि पोलाद एकमेकांना कायमचं चिकटवण्याच्या कामासाठी. ब्रिटिश गाड्यांच्या सस्पेन्शनमधल्या बुशांपासून रेल्वेच्या डब्यांपर्यंत हा माल गेला. १९५५ साली डनलॉपनं जॉन बुल घेतली. जुन्या गाडीचं पुढचं चाक उघडलं की ब्रेक लेमिंग्टनचे आणि त्यांच्याशेजारचं बुश लेस्टरचं, असं पुष्कळदा निघतं.

डिस्कची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण ती पुष्कळांनी सांगितली आहे. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. तांब्याच्या पट्ट्या लोखंडी तबकडीवर घासायच्या आणि कर्कश ओरडायच्या, शिवाय त्या काळच्या रस्त्यांच्या धुळीत लवकर झिजायच्या. कल्पना पन्नास वर्षं पडून राहिली. मग डनलॉपनं विमानांसाठी केलेले डिस्क जग्वारनं सी-टाइपला लावले. १९५२ साली नॉर्मन ड्यूइस या चाचणीचालकाला शेजारी बसवून स्टर्लिंग मॉस मिल्ले मिल्याला उतरला. ती शर्यत पुरी झाली नाही, पण १९५३ साली रोल्ट आणि हॅमिल्टन यांनी डिस्कच्या जोरावर ल मॉं जिंकली, चोवीस तासांची सरासरी पहिल्यांदाच ताशी १०० मैलांवर नेऊन. ड्यूइस माइरा या मोटार संशोधन संस्थेच्या ज्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं जग्वार पळवायचा ती जागा लेस्टरहून अर्ध्या तासावर, हिंकलीच्या पलीकडे, युद्धकाळातल्या विमानतळावर १९४६ नंतर उभी राहिली. आजही तिथे नव्या गाड्यांचे ब्रेक तपासले जातात.

भाग ओळखायचा कसा, हे मी बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका गॅरेजात पाहिलं. मालक गुजराती, १९७२ साली ईदी अमीननं हाकलल्यावर युगांडातून लेस्टरला आलेले. कंपालात मॉरिस, ऑस्टिन, प्यूजो यांच्यावरच हात बसलेला. सगळे त्यांना भाई म्हणतात. माझ्या स्नेह्यांची मायनर त्यांनीच उघडली. आधी त्यांनी काहीच मागवलं नाही. चारही ड्रम उतरवले, प्रत्येकाचा आतला व्यास मोजला, शूची रुंदी मोजली, सिलिंडर काढून पिस्टन बाहेर ढकलला आणि नळकांड्याच्या आत व्हर्नियरचे जबडे घातले. व्हर्नियर २२.२ मिलिमीटर दाखवतो तेव्हा तो ७/८ इंच असतो, १९ दाखवतो तेव्हा ३/४. तीन मिलिमीटरांचा हा फरक डोळ्याला कळत नाही, पण पिस्टनचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं. ३/४च्या जागी ७/८ बसवला तर त्या चाकावर तेवढ्याच दाबाला छत्तीस टक्के जास्त बळ पडतं. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा गेला तर ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरेल. म्हणून सिलिंडर नेहमी जोडीनं बदलायचे, एक चांगला दिसत असला तरी.

मग आटे. जुन्या ब्रिटिश ब्रेकच्या नळीचा नट बहुधा ३/८ इंच यूएनएफचा असतो : व्यास ९.५३ मिलिमीटर, इंचाला २४ आटे, म्हणजे आट्याचं अंतर सुमारे १.०६ मिलिमीटर. नव्या गाड्यांत येतो तो १० मिलिमीटरचा मेट्रिक, आट्याचं अंतर १. इतके जवळचे की इंची नट मेट्रिक भोकात शिरतो, दोन फेरे घेतो, पान्याला घट्टही लागतो. आणि एके दिवशी कुत्रं आडवं आलं म्हणून पेडलवर अंगाचा भार टाकला की सुटून येतो. भाई प्रत्येक नट आधी बोटांनी लावून बघत होते. शेवटपर्यंत बोटांनी गेला आणि हलवल्यावर डुगडुगला नाही तरच पाना. नळीच्या टोकाची फुगवलेली कडही बघायची, बहिर्गोल की अंतर्गोल. बसायची जागा जुळली नाही तर कितीही आवळा, पाझरणारच.

मायनरचा मास्टर सिलिंडर वेगळ्याच ठिकाणी दडलेला. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलायचा, पत्र्यावरचं झाकण काढायचं, मग खाली चॅसीच्या पोकळीत त्याचं तोंड दिसतं. द्रव तिथूनच भरायचा. बाहेर काढायला त्याचे आडवे बोल्ट ओढावेत तर आड येतो सस्पेन्शनचा टॉर्शन बार. तो ढिला करून बाजूला घेतल्याशिवाय बोल्ट निघत नाहीत. या एका कारणानं जगातल्या कितीतरी मायनरांचे मास्टर सिलिंडर बदलायचे राहून गेले असतील. आणि या गाडीला द्रवाचं एकच मंडल आहे. कुठलाही एक होज फुटला तर चारही चाकांचे ब्रेक जातात, उरतो फक्त तारेवरचा हँडब्रेक. दोन मंडलांचे सिलिंडर अमेरिकेनं सक्तीचे केले ते १९६०च्या दशकाच्या शेवटी. त्याआधीच्या गाडीत तो सिलिंडर काढायचा आळस केला की जिवाशी गाठ.

सगळं बसल्यावर हवा काढायची वेळ आली तेव्हा भाईंचा नातू आत बसला आणि भाई चाकाशी वाकले. मार, मार, मार, धर. निपल उघडला, नळीतून बुडबुडे बाटलीत आले. निपल बंद. सोड. पुण्याच्या कुठल्याही गॅरेजात ऐकू येतात तेच शब्द, थोडे गुजराती वळणाचे.

आता भाग मिळतात कुठून. मायनर १९४८ ते १९७१ पर्यंत सोळा लाखांवर बनली. त्यामुळे ब्रिटनमध्ये तिच्या ब्रेकचे नवे सिलिंडर, शू, होज आजही तयार होतात आणि टपालानं दोन दिवसांत दारी येतात. ते लेमिंग्टनचे मात्र नसतात. एपीचा ब्रेकचा धंदा एका हातातून दुसऱ्या हातात विकला गेला, लेमिंग्टनचा तो मोठा कारखाना गेला. गर्लिंग लूकसबरोबर व्हॅरिटीत, तिथून टीआरडब्ल्यूत आणि २०१५ साली जर्मनीच्या झेडएफमध्ये विरघळली. नाव राहिलं, घर मोडलं. आज डब्यावर जुन्या कंपनीचं नाव असलं तरी माल कुठल्या साच्यातला हे माप घेतल्यावरच कळतं.

या मोडलेल्या घराण्यांच्या फांद्या मात्र आपल्याकडे जगल्या. ऑक्सफर्डजवळच्या कौलीला मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका १९५९ साली बंद झाली, पण तिचे साचे कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला गेले होते आणि तिथे ती अ‍ॅम्बॅसॅडर म्हणून २०१४च्या मे महिन्यापर्यंत बनत राहिली. त्यामुळे १९५०च्या दशकातल्या ब्रिटिश ऑक्सफर्डच्या मालकाला कोलकाता हे आशेचं ठिकाण. ती आशाही माप घेऊनच धरावी, कारण पन्नास-पंचावन्न वर्षांत अ‍ॅम्बॅसॅडर आतून बदलत गेली. मायनरसाठी अशी फांदी श्रीलंकेत फुटली. बाथ शहरात मायनरचं केंद्र चालवणारे चार्ल्स वेअर यांनी १९९०च्या दशकात तिथल्या कारागिरांबरोबर मायनरचे भाग बनवणारा उद्योग उभा केला, कारण श्रीलंकेच्या रस्त्यांवर मायनर अजून रोजच्या कामाची गाडी होती. गर्लिंगची फांदी चेन्नईची. टीव्हीएस आणि लूकस यांनी १९६२ साली पाडीला ब्रेक्स इंडिया सुरू केली, ती आजही भक्कम आहे.

महाराष्ट्राचं घराणं फियाटचं. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रस्त्यावर होती. पद्मिनीचे ब्रेक इटालियन कुळातले, मेट्रिक मापाचे. अ‍ॅम्बॅसॅडरचे इंची. एकाच गल्लीत दोन्ही उभ्या करून दोन्हींवर काम करणाऱ्या आपल्या मिस्त्रींच्या हातात ही दोन मापं वेगवेगळी मुरलेली होती, कुठलाही तक्ता न बघता. मुंबईत ऑपेरा हाऊसची स्पेअर पार्टची दुकानं, कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार ही त्या माणसांची कॅटलॉगं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना नेऊन दिला की तसा भाग ओतून, कातून देणारे लोक होते आणि आहेत. ब्रिटनमध्ये याच कामाला आज मोठा मान आणि मोठं बिल आहे. गंजून खड्डे पडलेल्या सिलिंडराचा आतला भाग कातून त्यात पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी बसवतात, मूळ मापाची. बाहेरचं ओतीव नाव तसंच राहतं आणि आत न गंजणारी भिंत येते. जिथे नवा भाग मिळतच नाही तिथे हाच खात्रीचा मार्ग.

जुन्या मालाबद्दल एक भ्रम मोठा आहे. दर सप्टेंबरला ब्यूलीला १९६७ पासून जुन्या भागांचा बाजार भरतो, नोव्हेंबरला बर्मिंगहॅमच्या एनईसीमध्ये प्रदर्शन असतं. तिथे साठ वर्षांपूर्वीचे न उघडलेले डबे मिळतात, मेणकागदात गुंडाळलेले लॉकहीडचे सिलिंडर. हातात घेतल्यावर मोह पडतोच. ओतीव धातू घ्यावा, तो अस्सल आणि अचूक मापाचा असतो. पण डब्यातली रबरी वाटी टाकून द्यावी. रबर न वापरताही म्हातारं होतं, कड कडक होते, आणि वर सांगितलेलं तिचं सगळं काम त्या कडेवरच चालतं. डब्यावरचा नंबर मात्र उतरवून घ्यावा. जुन्या कॅटलॉगांत ‘अमुक चॅसी क्रमांकापासून पुढे’ अशा ओळी असतात, त्यांच्याशी तो नंबर पडताळला की भागाचं साल कळतं. गाडी कारखान्यातून कशी निघाली होती हे हवं असेल तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये उत्पादनाच्या वह्या आहेत. मॉरिसच्या पुष्कळ गाड्यांचा दाखला तिथून मिळतो.

ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांपुढच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना दरवर्षीची एमओटी तपासणी सक्तीची राहिलेली नाही. लेस्टरच्या आसपास रविवारी निघणाऱ्या कित्येक जुन्या गाड्यांच्या ब्रेककडे त्यामुळे मालकाशिवाय कुणीच बघत नाही. ही सूट कायद्यानं दिली असली तरी ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तपासणी मागून घेता येते, ती घ्यावी. ग्लायकॉलचा द्रव हवेतलं पाणी ओढून घेतो, तो दोन वर्षांनी बदलावा. रबरी होज वरून चांगले दिसले तरी आतून फुगून बंद होतात, ते वयावर बदलावेत, दिसण्यावर नाही.

आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी, काकांच्या बंद पडलेल्या गॅरेजात, एखाद्या पेठेतल्या दुकानाच्या माळ्यावर मायनर, लँडमास्टर, अ‍ॅम्बॅसॅडर, फियाट यांचे ब्रेकचे जुने डबे, किटं, छापील पार्ट लिस्ट पडल्या असतील. किलोच्या भावानं देऊ नका. डब्यावरचा नंबर, ओतीव नाव, नळकांड्याचा आतला व्यास आणि आट्याचं माप एका वहीत लिहा, फोटो काढा, आणि मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थेकडे पाठवा. पार्ट लिस्टची पानं तर स्कॅन करून ठेवाच. लेस्टरच्या, पुण्याच्या, कोलंबोच्या कुठल्यातरी गाडीला नेमकं तेच माप हवं असतं.